फॉर्मवरचा अकरावा प्रश्न

टोपवालीचं खरं नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं, तिच्या ओळखपत्रावर आणि थोरल्या बहिणीच्या तोंडी. बाकी जगाला ती टोपवाली. सतराव्या वर्षी ती एका नाटकघराच्या टोपखान्यात, म्हणजे केसांचे टोप बनवायच्या खोलीत, शिकायला लागली आणि बावन्नावं सरत आलं तरी त्याच कामात होती. बारीक जाळीची टोपी घ्यायची, लाकडी डोक्यावर ताणून बसवायची आणि सुईएवढ्या आकड्यानं जाळीच्या एकेका भोकात एकेक केस गाठायचा. एका टोपात असे हजारो केस. हे काम करणाऱ्याला घाई ठाऊक नसते आणि मान नावाचा अवयव चाळिशीतच कामातून जातो. टोपवालीची मान कायम डावीकडे कललेली असे, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे, ही बाई आपलं बोलणं किती मन लावून ऐकते आहे. बहुतेक वेळा ती समोरच्याच्या केसांकडे बघत असायची.

सहा वर्षांपूर्वी नाटकघरानं टोपखाना बंद केला. तयार टोप खोक्यांतून येऊ लागल्यावर गाठी मारणारी माणसं कशाला हवीत? टोपवालीनं सहा लाकडी डोकी, आकड्यांचा डबा आणि आपली तिरकी मान एवढा ऐवज उचलला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधली खिडकीची खोली धरली. बाकीच्या दोन खोल्यांत दोघी आधीपासून राहत होत्या. एक हॉस्पिटलातली सिस्टर. कामाला चोख, जिभेला कडक, आणि भाडेकरार तिच्या नावावर, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचा. दुसरी बस चालवायची. तिचा आवाज असा, की स्वयंपाकघरात बोलली तरी मागच्या सीटपर्यंत पोचावा. तिला सगळे ड्रायव्हरच म्हणत. पहाटे डेपोत जाणारी ही बाई दुपारी तीनला परतायची, तोवर भुकेनं तिचं डोकं फिरलेलं असायचं. म्हणून घरात शिरली की आधी ओव्हनचं बटण आणि मग बूट, असा तिचा क्रम. हातपाय धुऊन येईपर्यंत ओव्हन तापलेला हवा, की लगेच त्यात डबा ठेवता येतो. त्या ओव्हनमधला दिवा वर्षापूर्वी गेला होता आणि दाराची काच तेलकट धुरानं काळी झाली होती. आतलं काही दिसत नसे. ती काच तिघींपैकी एकीनंही पुसली नव्हती, कारण प्रत्येकीला वाटे, मीच का?

करारात एक ओळ होती: घराचा वापर फक्त राहण्यासाठी. टोपवालीनं ती वाचून तिच्याकडे काणाडोळा केला होता. सिस्टरनंही केला होता, कारण गिऱ्हाइकं तीच तर पाठवायची. औषधांनी केस जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, की काही बायका आधीच केस कापून घेत आणि सिस्टरच्या सांगण्यावरून टोपवालीकडे आणून देत. माझ्याच केसांचा करून द्या, म्हणत. हे काम नाटकातल्या राजाराण्यांच्या टोपांपेक्षा फार अवघड. राजाचा टोप जळाला तर दुसरा राजा करता येतो.

विम्याचं खूळ घरात आलं ते वरच्या मजल्यावरच्या कपडे धुण्याच्या मशीनमुळे. एका सकाळी तिची नळी सुटली आणि छतातून पाणी थेट टोपवालीच्या टेबलावर. साबणाच्या कढत पाण्यानं दोन तयार टोपांच्या जाळ्या आटल्या आणि केसांचा गुंता झाला. टोपवालीनं ते पदरमोड करून पुन्हा गाठले, गिऱ्हाइकांपुढे चकार शब्द काढला नाही आणि महिनाभर रोज छताकडे बघत झोपली.

"मालकिणीचा विमा भिंतींचा आहे," सिस्टर म्हणाली. "भिंतींच्या आतलं आपलं. ते गेलं की गेलं. आपण तिघी मिळून एक घेऊ. मी चौकशी केलीय. नात्यातल्या नसल्या तरी तिघींची नावं एका कागदावर घालता येतात."

"आणि तुझ्या खोलीत काही जळलं, तर दावा माझ्याही नावावर लागणार," ड्रायव्हर म्हणाली. "माझ्याकडे आहे काय जळायला? दोन गणवेश आणि एक गादी."

"मग तुझं नाव नको. दोघींचं घेऊ."

"घ्या की. पण फॉर्ममध्ये विचारतील, घरात धंदा चालतो का म्हणून. काय लिहिणार?"

टोपवालीनं सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनं ताटाकडे. ड्रायव्हरला उत्तर मिळालं आणि ती भडकली.

"माझ्या भावानं ट्रकच्या फॉर्मवर असंच लिहिलं होतं. ट्रक मीच चालवतो, दुसरा कुणी नाही. ट्रक दरीत गेला तेव्हा स्टिअरिंगवर दुसरा होता. दमडी मिळाली नाही. सात वर्षं हप्ते भरले होते त्यानं. खरं लिहायचं असेल तर घ्या, नाहीतर घेऊच नका. आणि ही नाटकं मला सांगू नका, मी तोंड बंद ठेवणारी नाही."

"खरं लिहिलं तर मालकिणीची संमती लागते," सिस्टर म्हणाली. "करार माझ्या नावावर आहे. ती म्हणाली निघा, तर आधी मी निघणार. ह्या भाड्यात दुसरं घर मिळेल का कुठे?"

त्यावर ड्रायव्हरनं ताट उचललं आणि आपल्या खोलीत जाऊन जेवली. तिसऱ्या दिवशीही ती दोघींशी बोलत नव्हती. एका घरात तीन बायका आणि अबोला, म्हणजे प्रत्येक दार जरा जास्तच जोरात लागतं.

टोपवालीचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. ड्रायव्हरचं म्हणणं तिला पटत होतं. पण सिस्टरचं घर आपल्यापायी जावं, ही कल्पना तिला सोसवत नव्हती. आणि विमा न घेता राहावं तर वर ते मशीन रोज फिरतच होतं. त्यात नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर भूगोलाच्या बाईंचे केस होते.

ह्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि पाठीवर मात्र मनगटाएवढी जाड वेणी. त्या वेणीत पांढऱ्या केसांची एक बट होती, कपाळापासून निघून वळणं घेत खालपर्यंत गेलेली. बाईंनी वेणी कापून, दोन्ही टोकांना दोरा बांधून आणून दिली होती. टोपवालीनं आधी मुळाकडचं टोक कुठलं ते विचारलं, कारण मुळं आणि शेंडे उलटसुलट झाले की केसांचा गुंता होतो. मग बाईंनी जे सांगितलं ते ऐकून तिला पुढे काही विचारवेना.

बाईंच्या आईची नजर गेली होती. रोज सकाळी ती पलंगावर बसून लेकीची वेणी घालायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ह्यात खंड पडला नव्हता, डोळे गेल्यावर तर मुळीच नाही. बाईंनी तिला दुखण्याचं सांगितलं नव्हतं. आईला तीन आठवडे भावाकडे धाडलं होतं आणि शनिवारी ती परत येणार होती.

"तिला बघता येत नाही," बाई म्हणाल्या, "पण हात लावल्याशिवाय ती राहायची नाही. तिच्या बोटांना कळता कामा नये."

"माझ्या गाठी कुणाच्या बोटांना कळत नाहीत," टोपवाली म्हणाली. हा तोरा नव्हता. पस्तीस वर्षांचं काम होतं.

गुरुवारी सकाळी टोप पुरा झाला. शेवटचा केस गाठून टोपवालीनं तो कोमट पाण्यात धुतला, पिना लावून लाकडी डोक्यावर बसवला आणि सुकत ठेवला. धंदा लपवायचा असं ठरवून सिस्टरनं विमेवाल्याला बोलावलं होतं; तो संध्याकाळी घर बघायला यायचा होता. तोवर टोप सुकला असता आणि डब्यात गेला असता. पण अकरा वाजता सिस्टरचा फोन वाजला. विमेवाला जवळच आला होता, अर्ध्या तासात येतो म्हणाला.

मग जी धावपळ झाली ती नाटकघरात प्रयोगाआधीही होत नसेल. पाच लाकडी डोकी चादरीत गुंडाळून सिस्टरच्या पलंगाखाली गेली. आकडे बिस्किटाच्या डब्यात, जाळ्या उशीच्या अभ्र्यात, बाईंच्या उरलेल्या केसांचं पुडकं टोपवालीच्या पर्समध्ये. रिकाम्या टेबलावर सिस्टरनं फुलदाणी ठेवली. उरला तो बाईंचा ओला टोप. तो गुंडाळता येत नव्हता, दाबता येत नव्हता, कपाटात कोंबता येत नव्हता. आणि विमेवाला कपाटं उघडून बघतो, असं सिस्टरनं ऐकलं होतं.

"कुठे ठेवतेस ताई? लवकर!"

नाटकघरात टोप सुकवायला एक लोखंडी कपाट होतं, आतून मंद ऊब असलेलं. तिथे धूळ नसे, कसर नसे. मोलाचं काम नेहमी त्यातच ठेवायचं, अशी तिला काम शिकवणाऱ्या मास्तरांची शिस्त. पस्तीस वर्षांची सवय हाताला असते, ती डोक्याला विचारत बसत नाही. टोपवालीनं ओव्हनचं दार उघडलं, आतल्या लोखंडी जाळ्या काढल्या, लाकडी डोकं आत उभं केलं आणि दार लावलं. काळ्या काचेतून काही दिसेना. तीन वाजेपर्यंत त्या ओव्हनला कुणी हात लावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

विमेवाला साठीचा, शांत, दम लागलेला गृहस्थ होता. जिने चढून आल्यावर त्यानं आधी पाणी मागितलं. मग दाराची कडी पाहिली, बटणं पाहिली, धुराची घंटा काठीनं दाबून वाजवून पाहिली, खिडक्या मोजल्या. टोपवालीच्या खोलीत तो जरा जास्त वेळ थांबला. छतावरचा पाण्याचा डाग पाहिला, त्याच्याखालचं रिकामं टेबल पाहिलं, फुलदाणी पाहिली. फुलदाणीत फुलं नव्हती. ती ठेवायचं दोघींच्या लक्षात आलं नव्हतं.

"टेबल छान आहे," तो म्हणाला. "उजेड चांगला येतो इथे."

"हो, वाचायला बसते मी," टोपवाली म्हणाली. खोलीत एकही पुस्तक नव्हतं.

सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. विमेवाल्यानं फॉर्म उघडला. तो एकेक प्रश्न एकाच सुरात वाचायचा, उत्तर आलं की लिहायचा आणि पेनाचं टोपण लावून पुन्हा काढायचा. पहिला प्रश्न नावाचा. टोपवालीनं नाव सांगितलं तेव्हा सिस्टरनं चमकून पाहिलं. सहा वर्षांत तिनं ते बहुधा ऐकलं नव्हतं. घरात आणखी कोण राहतं, त्यांच्याशी नातं काय, कुलूप कुठल्या प्रकारचं, पूर्वी काही नुकसान झालं होतं का. आठव्या प्रश्नाला पाण्याच्या डागाचं निघालं.

"त्या वेळी काय भिजलं?"

"थोडे कपडे," सिस्टर पटकन म्हणाली.

विमेवाल्यानं कपडे असं लिहिलं. दोन टोपांचे कपडे झाले होते आणि ते किती सहज झालं होतं.

नववा प्रश्न चालू असताना बाहेरच्या दारात किल्ली फिरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तीन वाजायला अजून तीन तास होते.

ड्रायव्हर आत आली ती तणतणतच. "बसचं दार अडकलं. उघडेना, लागेना. उतरवले सगळे प्रवासी आणि गाडी डेपोत लावून आले." हे ती कुणाला सांगत नव्हती, अबोला होता ना. विमेवाल्याला पाहून तिच्या भुवया चढल्या. काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंड घट्ट मिटलं. मग नेहमीसारखा हात लांबवून तिनं ओव्हनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, बूट काढले आणि न्हाणीघरात जाऊन दार आपटलं. ओव्हनवरचा लाल दिवा लागला. पंखा गुरगुरायला लागला.

टोपवालीच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टरचंही पळालं असणार, पण ती हॉस्पिटलातली बाई. तिनं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. सावकाश उठून ती पाणी घ्यायच्या मिषानं ओव्हनजवळ गेली आणि बटण बंद केलं. लाल दिवा गेला. परत बसताना तिनं टोपवालीच्या गुडघ्यावर हात दाबला. बस, हलू नकोस.

पण वरची सळी मिनिटभरात लाल होते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बटण बंद केलं म्हणून ती लगेच विझत नाही. आणि त्या सळीच्या चार बोटं खाली भूगोलाच्या बाईंचा भांग होता.

"दहावा प्रश्न," विमेवाला म्हणाला. "घरात ज्वालाग्राही पदार्थ साठवता का?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

त्यानं लिहिलं. टोपण लावलं, काढलं. टोपवाली ओव्हनच्या काळ्या काचेकडे बघत होती. ओले आहेत, ती मनाशी म्हणत होती, ओले आहेत, आधी पाणी आटेल, मग. किती वेळ लागेल? पस्तीस वर्षं केसांत घालवलेल्या बाईला ह्या एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं.

"अकरावा. ह्या घरातून कुठला व्यवसाय किंवा कारागिरी चालते का?"

आणि तेव्हाच वास आला. अगदी पुसट. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता, पण टोपवालीला केसाचा वास झोपेतही कळला असता. तिनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती. सहा वर्षांत तिनं ह्या बाईला कुणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. टोपवालीला रडूच आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता.

ती उठली. खुर्ची मागे पडली. ओव्हनचं दार उघडलं तशी वाफ आणि जळका वास एकदमच बाहेर आला. फडकं शोधायचं तिला सुचलं नाही. उघड्या हातांनी तिनं लाकडी डोकं मानेला धरून बाहेर ओढलं आणि टेबलावर, फॉर्मच्या शेजारी, ठेवलं. कपाळापासून लांब केस, जागोजागी पिना, आणि टाळूवर हाताच्या पंजाएवढा भाग आक्रसून तपकिरी झालेला.

विमेवाल्यानं फॉर्म जरा बाजूला सरकवला, ओला होऊ नये म्हणून.

न्हाणीघरातून ड्रायव्हर धावत आली. तिनं डोकं पाहिलं, उघडा ओव्हन पाहिला, टोपवालीचे लाल झालेले तळवे पाहिले.

"हे आत होतं? मला सांगितलं का नाही?" एवढा मोठा आवाज असलेली बाई, पण हे ती अगदी हळू म्हणाली. "मी शत्रू होते का गं तुमची?"

सिस्टर उठली आणि टोपवालीचे हात धरून नळाखाली नेले. तिनं ते नीट धुतले, मलम लावलं, आणि हे सगळं करताना एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

विमेवाला बसून होता. पाणी संपवून तो म्हणाला, "अकरावा मी रिकामा सोडतो. मी पाहिलं नाही असं नाही, पण उत्तर ज्याचं त्यानं लिहायचं असतं. नाही लिहिलंत तर मी हा कागद पुढे नेणार नाही. हो लिहिलंत तर मालकिणीची संमती जोडा. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला द्या, नाहीतर हा फॉर्म रद्द समजा." दारात तो थांबला. "आणि कपड्यांचंही तेवढं दुरुस्त करा."

तो गेल्यावर सिस्टर म्हणाली, "विमाबिमा काही नको आता. जसं आहे तसं राहू. ताई, तुला माझी शपथ आहे." आणि रात्रपाळीआधी झोपायला ती आपल्या खोलीत गेली.

त्या दुपारी आणि शुक्रवारभर टोपवालीनं मलम लावलेल्या बोटांनी जळका भाग एकेक केस करत सोडवला. पर्समधलं पुडकं उघडलं. त्यात उरलेले केस टाळू झाकण्यापुरते होते, त्याहून जास्त नव्हते. दुसरे केस मिसळता आले असते. तसले तिच्याकडे होतेही, रंगही जवळपास तोच. ती ते हातात घेऊन बसली आणि परत ठेवून दिले. त्या म्हातारीच्या बोटांना परके केस द्यायचे तिच्यानं होईना. ड्रायव्हरनं सुट्टी टाकली होती. तिला गाठ मारता येत नव्हती, पण टेबलाशी बसून ती केसांची मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला लावून देत होती. अधूनमधून ती नाक ओढायची. टोपवालीनं तिला तीनदा सांगितलं की चूक माझी आहे, तुझी नाही. ड्रायव्हर तिन्ही वेळा म्हणाली, "माहितीय मला. तरी."

बाईंना फोन करून टोपवालीनं सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "शनिवारी सकाळी या. ती दहाला येतेय."

शनिवारी बस चुकायला नको म्हणून ड्रायव्हर सोबत आली. सिस्टरची ड्युटी नुकतीच संपली होती, तीही आली, पण न बोलता. दोघी खाली फाटकाशी थांबल्या. फॉर्म टोपवालीच्या पर्समध्ये होता, अकराव्या प्रश्नापुढची जागा तशीच कोरी.

बाईंच्या डोक्यावर टोप नीट बसला. कपाळाची कड, पांढरी बट, कानामागचं वळण, सगळं जागच्या जागी. बाईंनी आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. पण टोपवाली मागून केसांची जाडी बघत होती. जळकं काढून टाकल्यावर वेणी मनगटाएवढी राहिली नव्हती. अंगठ्याएवढी झाली होती.

आई आली. भावानं तिला पलंगावर बसवलं आणि सामान आणायला तो खाली गेला. म्हातारीनं प्रवासाचं काही सांगितलं नाही, पाणी मागितलं नाही. नुसता हात पुढे केला. बाई तिच्यापुढे पाठ करून जमिनीवर बसल्या. टोपवाली दाराशी उभी होती. आपण जायला हवं होतं, असं तिला वाटत होतं, पण गाठींचं काय होतं ते बघितल्याशिवाय तिला निघवेना.

म्हातारीची बोटं भांगावर आली. कपाळापासून मागे, मागून मानेपर्यंत. बोटं गाठींवरून गेली आणि थांबली नाहीत. एकदाही अडली नाहीत. मग म्हातारीनं केस मुठीत धरले, तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. दोन वळसे झाले. तिसऱ्याला हात थांबले.

तिनं वेणी सोडली. पुन्हा मुठीत धरली. मूठ मिटली तरी आत जागा उरली होती.

"एवढीशी झाली," ती म्हणाली. "मोठं दुखणं आहे ना गं?"

बाईंनी मान खाली घातली. टोपवालीला वाटलं, आता त्या नाही म्हणतील. उन्हाळ्यानं गळले म्हणतील, पाणी बदललं म्हणतील, शंभर कारणं असतात. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही असेल.

"हो," बाई म्हणाल्या. "हो, आई." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले.

म्हातारीनं डोळे मिटले. तिच्या हातातून वेणी सुटली नाही. "इतके दिवस एकटीनंच सोसलंस?" ती म्हणाली. "मी कशाला आहे मग?" तिनं राहिलेले वळसे घातले, अगदी शेंड्यापर्यंत, दोरा मागून घेतला आणि गाठ मारली. मग तिनं ती अंगठ्याएवढी वेणी आपल्या गालाला लावली आणि तशीच बसली.

टोपवाली हळूच बाहेर आली. जिन्यात तिला थांबावं लागलं, कारण पायऱ्या धूसर दिसत होत्या. डोळे पुसून तिनं पर्समधून फॉर्म काढला, भिंतीवर धरला आणि अकराव्या प्रश्नापुढे लिहिलं: हो. मग आठवा खोडून तिथे दोन टोप असं लिहिलं.

फाटकाशी सिस्टर तिची वाट बघत होती. टोपवालीनं कागद तिच्या हातात दिला. सिस्टरनं तो वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"शपथ घातली होती मी तुला."

"घातली होतीस," टोपवाली म्हणाली. मग तिनं वर काय झालं ते सांगितलं, म्हातारीच्या मुठीपासून गालाला लावलेल्या वेणीपर्यंत. ड्रायव्हर ऐकता ऐकता दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टर कागदाकडे बघत राहिली.

"घर गेलं तर?" ती शेवटी म्हणाली.

"गेलं तर तिघी मिळून दुसरं शोधू," ड्रायव्हर पाठमोरीच म्हणाली. "पण ह्या वेळी मला सांगून."

सिस्टरनं फोन काढला, मालकिणीचा नंबर लावला आणि घंटा वाजायला लागल्यावर तो टोपवालीच्या हातात दिला. "तूच बोल."

पलीकडून मालकिणीनं विचारलं, कोण बोलतंय. टोपवालीनं मान होईल तेवढी सरळ केली आणि आपलं खरं नाव सांगितलं, आडनावासकट.

"मी तुमच्या घरात टोप बनवते," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली."